एक रुपयाचे लेथ मशीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी वार्षिक उद्योग पाहणीचा फॉर्म घेऊन बसलो होतो. सरकारच्या नमुना पाहणी खात्यात अन्वेषक म्हणून माझी बरीच वर्षे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत फिरण्यात गेली. स्थिर मालमत्तेच्या रकान्यांपाशी आलो तेव्हा मालकांनी ताळेबंद पुढे केला. त्यात एका जुन्या लेथ मशीनची किंमत लिहिली होती, एक रुपया. ते मशीन आमच्या समोरच चालू होते आणि त्यावर दोन माणसांची घरे चालत होती. वर्षानुवर्षे घसारा कापला गेला आणि पुस्तकात एक रुपया तेवढा उरला. मालक हसून म्हणाले, "साहेब, या भावात अजून दहा मिळत असतील तर आजच घेतो."

मी नियमाप्रमाणे एक रुपयाच लिहून घेतला. पण परतीच्या एसटीत मनात आले, आपण नेमके काय मोजतो? आणि काय मोजायचे राहून जाते?

या पाहणीत उत्पादन, मजुरी, कच्चा माल असे पुष्कळ विचारले जाते. त्यातला मालमत्तेचा तक्ता मला नेहमी जास्त बोलका वाटत आला. जमीन, इमारत, यंत्रसामग्री, वाहने, संगणक व सॉफ्टवेअर, प्रदूषण रोखण्याची साधने, अशा एकाखाली एक ओळी. वर्षाच्या सुरुवातीला किती होते, वर्षभरात किती वाढले, किती मोडीत काढले, घसारा किती. विक्रीचा आकडा सरलेल्या वर्षाची हकिकत सांगतो. नव्या यंत्रावरचा खर्च मात्र मालकाला पुढच्या दहा वर्षांबद्दल काय वाटते, ते सांगतो. ज्याला उद्याचा भरवसा नाही, तो शेड वाढवत नाही.

अशा भरवशाच्या गोष्टी आपल्या भागात कमी नाहीत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. बत्तीस एकर ओसाड जमिनीवर कारखाना उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे शेतकरी समजत होते तो हा काळ. आजच्या फॉर्मच्या भाषेत सांगायचे तर जमीन, इमारत, यंत्रसामग्री या तिन्ही ओळी लक्ष्मणरावांनी एका दमात भरल्या, आणि गिऱ्हाइकाची खात्री नसताना भरल्या.

इकडे सातारारोडला धनजीशहा कूपर यांनी सुरू केलेल्या कारखान्यातही लोखंडी नांगर होत. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. दोन्ही कारखाने एकाच भागातले, एकाच शेतकऱ्यासाठी नांगर करणारे. पण सरकारी मोजणीच्या दृष्टीने त्यांच्यामध्ये एक अदृश्य भिंत होती. औद्योगिक आकडेवारीचा पहिला कायदा १९४२ चा आणि त्याखालची कारखान्यांची पहिली गणना १९४६ ची. हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. सातारारोड ब्रिटिश जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी मात्र औंध संस्थानात. बहात्तर गावांचे हे संस्थान तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. म्हणजे शेकडो कामगारांचा कारखाना डोळ्यांसमोर धूर सोडत होता, पण तो त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हता.

१९४८ मध्ये औंध विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. कारखाना जागचा हलला नाही, हलली ती सरकारी कागदावरची रेघ.

राज्य एक झाले तरी दुसऱ्या रेघा राहिल्याच. १९४६ च्या गणनेत वीज किंवा अन्य शक्ती वापरणारे आणि वीस किंवा जास्त कामगार असलेले कारखानेच घेतले होते आणि तेही त्रेसष्टपैकी एकोणतीस उद्योगांतले. उरलेल्यांसाठी १९५० च्या सुमारास नमुना पाहणी सुरू झाली. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस होते आणि एक सदस्य होते धनंजयराव गाडगीळ. गाडगीळांना आपला भाग नवा नव्हता. पुण्याच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची केलेली पाहणी १९४० मध्येच प्रसिद्ध झाली होती. शेतीकडे एक धंदा म्हणून पाहायचे, तिचा जमाखर्च मांडायचा, ही त्यामागची दृष्टी. पण शेतकरी घरच्या माणसांसह स्वतःच्या विहिरीत राबला, तर तो खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा? पावती नसलेली गुंतवणूक मोजणे तेव्हाही अवघड होते आणि आजही आहे.

पुढे १९५३ चा सांख्यिकी संकलन कायदा आला. १९५९ या वर्षापासून वार्षिक उद्योग पाहणी सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. तिची रेघ दीर्घकाळ कारखाना कायद्याने आखलेली होती. वीज असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस. आता विट्याला जा. एकेका शेडमध्ये चार-सहा यंत्रमाग, घरची माणसे आणि दोन-तीन कामगार. मागाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, पण तो या पाहणीत पोचत नाही. अशांसाठी असंघटित उद्योगांची वेगळी पाहणी आहे. पूर्वी ती काही वर्षांनी एकदा होई, आता दरवर्षी होते. ही सुधारणा मोठी आहे. पण तीही निवडक नमुन्यावरच चालते, आणि हिशेबाची वही नसेल तर मालकाच्या अंदाजावरच भिस्त ठेवावी लागते.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आपल्याला ठाऊक आहेत. जमिनीखाली खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. ना वीज, ना पत्रा, ना यंत्र. मग पेव ही जमीन म्हणायची की इमारत? २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली आणि हळद शीतगृहांकडे वळली. शीतगृह कायद्याने कारखाना ठरते, त्यामुळे पुरेसे कामगार असतील तर ते पाहणीतही येते. हळद तीच, साठवणही तीच. पण एक गुंतवणूक कारखान्यांच्या आकड्यांत शिरते आणि दुसरी बुडाली तरी त्या आकड्यांवर ओरखडा उठत नाही. नव्या शीतगृहाचा आकडा पाहून दूर बसलेल्याला वाटेल, गुंतवणूक वाढली. हरिपूरकरांच्या हिशेबात मात्र आधी नुकसान आहे.

सॉफ्टवेअरची गंमत याहून निराळी. कुपवाडच्या एखाद्या कारखान्यात संगणकावर चालणारे सीएनसी मशीन आले की त्याचा प्राण त्याच्या प्रोग्रॅममध्ये असतो. बिल मात्र मशीनचे, एकच. मालक सगळी रक्कम यंत्रसामग्रीच्या ओळीत घालतो. ऑफिसातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पैसे कधी किरकोळ खर्चात जातात, तर कधी कुणाकडून तरी मागून घेतलेल्या नकलेवरच काम भागते. मग त्या ओळीत शून्य येते. हे शून्य वाचून आपल्याकडचे कारखाने मागासलेले आहेत, असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात एक नवी पाहणी केली. खासगी कंपन्या पुढे इमारती, यंत्रे वगैरेंवर किती खर्च करणार आहेत, हेच तिने विचारले. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या निकालांत २०२४-२५ चा अंदाज सुमारे ६.५६ लाख कोटी रुपये होता आणि २०२५-२६ चा इरादा सुमारे ४.८९ लाख कोटींचा. ही घसरण शब्दशः घेऊ नका, कंपन्या पुढचे आकडे हात राखून सांगतात, असे मंत्रालयानेच बजावले. मला त्याचे नवल वाटले नाही. हात राखून सांगणारे मालक मी आयुष्यभर पाहिले आहेत. त्यातून ही पाहणी मोठ्यांची. कारखानदारीत चारशे कोटींच्या पुढची उलाढाल असलेल्यांनाच हा प्रश्न विचारला गेला. विट्याचा मागवाला उद्या काय घेणार आहे, हे विचारायला कुणी आले नाही.

हा नुसता कागदी वाद नव्हे. वीज उपकेंद्र, रस्ता, कर्जाची योजना कुठे आणि किती हवी, हे ठरवताना हेच आकडे समोर असतात. जो मोजला गेला नाही, त्याची गरज सहज विसरली जाते. दुसरी बाजूही सांगायला हवी. फॉर्म पाहिला की मालकाला करवसुली आठवते आणि तो गेल्या वर्षीचे आकडे पुन्हा उतरवून देतो. २००८ च्या कायद्याप्रमाणे ही माहिती फक्त आकडेवारीच्या कामासाठी वापरायची असते. हे दारात उभे राहून समजावून सांगण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. ज्यांना पटले त्यांनी चहा पाजला आणि खरे सांगितले.

त्या लेथच्या मालकांनीही खरेच सांगितले होते. पुस्तकात एक रुपया होता, तो त्यांनी दाखवला. मशीनची किंमत एक रुपया नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. आकडेवारी वाचणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी ही हकिकत सांगितली. उद्या तुमच्या शेडच्या दारात कुणी फॉर्म घेऊन आले, तर त्याला बसायला खुर्ची द्या आणि जे आहे ते सांगा. आपली रेघ कागदावर उमटायची असेल, तर ती आपल्याच तोंडून उमटणार आहे.