पहिलं बाळंतपण माहेरी, मग मातृ वंदनाचे ५ हजार अडकतात कुठे?

कागल तालुक्यातलं बिद्री म्हटलं की दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आठवतो. या पट्ट्यात पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, ही रीत अजून टिकून आहे. पण सरकारी मदत कागद बघून मिळते आणि कागद बऱ्याचदा सासरीच राहतात.

मुख्य आधार आहे प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा. २०१७ पासून ती देशभर लागू आहे, २०२२ मध्ये तिचे नियम बदलले. पहिल्या बाळासाठी ५ हजार मिळतात, पण दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाली की ३ हजार. जन्माची नोंद आणि बाळाचं सुरुवातीचं, साडेतीन महिन्यांपर्यंतचं लसीकरण झालं की २ हजार. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६ हजार एकदम. दुसरा मुलगा झाला तर काहीच नाही.

ही योजना फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तरी चालतं. रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा ई-श्रम कार्ड असलेल्या महिलाही पात्र ठरतात. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना मात्र लाभ नाही.

मग अडतं कुठे? बहुतेकदा बँकेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जासोबत दिलेल्या पासबुकाच्या खात्यात जातीलच असं नाही. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी माहेरच्या नावानं उघडलेलं जुनं खातं अजून आधारशी जोडलेलं असेल, तर हप्ता गुपचूप तिथे जमा होतो आणि घरचे म्हणतात, पैसे आलेच नाहीत. म्हणून अर्जाआधीच बँकेत विचारावं, आधारला कोणतं खातं जोडलंय? लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल तर खात्यावरही तेच हवं.

दुसरी अडचण लसीकरणाची. काही डोस माहेरी, काही सासरी होतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवून प्रत्येक डोस त्यावर लिहून घेतला नाही, तर २ हजारांचा हप्ता रखडतो. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांत अर्ज करावा लागतो, दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवसांत. नवऱ्याचं आधार आता बंधनकारक नाही. एकट्या आईला याचा मोठा आधार आहे.

याशिवाय जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती-जमातीच्या आईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ७०० रुपये मिळतात. या दोन्हींची चौकशी गावातल्या आशाताईंकडे करता येते.

मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर राज्याची लेक लाडकी योजनाही आहे. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मावेळी ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ हजार आणि अठराव्या वर्षी ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. यात उत्पन्नाची मर्यादा मात्र १ लाखाची आहे. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असतो.