बाजूचा दिवा : जासईच्या रस्त्यावरील एका इशाऱ्याचा इतिहास

आजचा धागा एका दिव्याविषयी आहे. तळहातात मावेल एवढा, पिवळसर नारिंगी, लांब ट्रेलरच्या कडेला चॅसीवर बसवलेला आणि वाहन वळताना लुकलुकणारा. किल्ले, सनदा आणि लढाया सोडून दिव्यावर धागा कशासाठी, असे कोणी विचारील. जासईवरून रोज दुचाकीने उरणला किंवा पनवेलला जाणारा मात्र विचारणार नाही.

आरंभ दोन तारखांनी करू. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. १ जुलै १९८९ रोजी मोटार वाहन अधिनियम, १९८८ अमलात आला आणि पन्नास वर्षे चाललेला १९३९ चा जुना कायदा मागे पडला. दोहोंमध्ये अंतर अवघ्या ३६ दिवसांचे. बंदराने या मुलखातील रस्त्यावर एक नवा आकार आणला, तर कायद्याने रस्त्यावरील इशाऱ्यांची भाषा नव्याने बांधली. या दोन घटना एकमेकींना ओळखत नव्हत्या, आणि आपला विषय नेमका त्या अनोळखीपणात आहे.

त्याआधीची जासई उरण तालुक्यातील भातशेतीच्या, मिठागरांच्या आणि खाडीच्या मुलखातील. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी याच पट्ट्यात, जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि पुढे पागोटे परिसरात, शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील हे जासईचेच. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून रुजले. हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे आणि दर जानेवारीत त्याचे स्मरणही होते. त्या जमिनींतून गेलेल्या रस्त्यावर पुढे काय धावू लागले, याकडे मात्र आपण इतिहास म्हणून फारसे पाहत नाही.

धावू लागला तो कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. आधुनिक कंटेनर वाहतुकीचा आरंभ तेथून मोजतात. भारतात कंटेनर घेऊन आलेले पहिले जहाज १९७३ साली कोचीनला लागले. पेटीची मापे आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरली, २० फूट आणि ४० फूट. चाळीस फूट म्हणजे १२ मीटरहून अधिक लांबी. ही पेटी ज्यावर बसते तो ट्रेलर म्हणजे वस्तुतः लोखंडी तुळयांचा सांगाडा. त्याचा पुढचा भार ओढणाऱ्या वाहनाच्या पाठीवर असतो, म्हणून कायद्याच्या परिभाषेत तो ‘सेमी-ट्रेलर’. रस्त्यावरची माणसे ओढणाऱ्या वाहनाला ‘हॉर्स’ म्हणतात आणि मागच्याला नुसते ‘ट्रेलर’.

आता इशाऱ्याकडे वळू. मोटारीच्या पहिल्या दशकांत वळण्याचा इशारा म्हणजे हात. फ्लॉरेन्स लॉरेन्स या मूकपटांतील अभिनेत्रीने १९१४ च्या सुमारास मोटारीला यांत्रिक ‘हात’ बसवला होता, पण त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे युरोपातील मोटारींत दारालगतच्या खांबातून बाहेर उघडणारे प्रकाशमान पाते आले. हे पाते मोटारीच्या ऐन कमरेला असे, हे लक्षात ठेवा. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस लुकलुकणारे दिवे आले आणि हळूहळू सर्वत्र रुळले. ते बसले वाहनाच्या चार कोपऱ्यांत. इशारा कमरेवरून निघून पुढे आणि मागे गेला. चार मीटरच्या मोटारीत याने काही बिघडले नाही.

आपल्या कायद्यात हाताचे राज्य दीर्घकाळ टिकले. १९८८ च्या अधिनियमाचे १२० वे कलम वाचण्यासारखे आहे. डाव्या बाजूस सुकाणू असलेले वाहन यांत्रिक किंवा विजेच्या इशारा-साधनाशिवाय सार्वजनिक ठिकाणी चालवू नये, असे ते सांगते. कारण उघड आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. चालक डावीकडे बसला तर त्याचा हात रस्त्याच्या कडेला दिसतो, मागून येणाऱ्याला दिसत नाही. उजवीकडे बसणाऱ्याचा हात मात्र दिसतो, म्हणून १२१ व्या कलमानुसार तो हाताने किंवा साधनाने, दोन्ही रीतींनी, वळण्याचा इशारा देऊ शकतो. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या मनात उजव्या खिडकीतून बाहेर आलेला एक हात होता.

मग डाव्या बाजूचे काय? त्याचे उत्तर कायद्याने नव्हे, क्लीनरने दिले. डाव्या खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर थापा मारणारा, हात हलवून मागच्याला थांबवणारा किंवा पुढे काढणारा क्लीनर हा भारतीय ट्रकचा जिवंत बाजूदिवा होता. त्या थापांना व्याकरण होते, लय होती. माझ्या मते आपल्या वाहतुकीच्या इतिहासात या माणसाला अजून एक ओळही मिळालेली नाही. परंतु ट्रेलरपुढे त्याचाही इलाज चालेना. तो बसणार हॉर्समध्ये आणि धोका असणार त्याच्यामागे दहा-बारा मीटरवर. शिवाय आज पुष्कळ ट्रेलरांवर चालक एकटाच असतो.

धोका नेमका काय, ते थोडे भूमितीने पाहू. लांब वाहन वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतून, जवळच्या वाटेने जातात. ट्रेलरचा पुढचा जोड १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरत असेल आणि तेथून मागच्या धुरीपर्यंत साडेआठ मीटर अंतर असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने मागची चाके सुमारे १२.४ मीटर त्रिज्येवरून जातात. जवळजवळ २.६ मीटर आत! एवढ्या रुंदीत दोन दुचाकी उभ्या राहतात. हे ठाऊक असल्यामुळेच डावीकडे वळणारा चालक आधी गाडी थोडी उजवीकडे काढतो. डावीकडे मोकळी जागा दिसते. दुचाकीस्वाराला वाटते, ट्रेलर उजवीकडे चालला. तो त्या जागेत शिरतो. या क्षणी हॉर्सच्या कोपऱ्यातील दिवा त्याच्या पुढे राहिलेला असतो आणि ट्रेलरच्या शेपटीचा दिवा मागे. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती केवळ पन्हळी पोलादी भिंत, आणि तिच्यावर एखाद्या परदेशी जहाज कंपनीचे नाव.

केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील १०२ वा नियम इंडिकेटरचा रंग सांगतो, अंबर. लुकलुकण्याचा वेग सांगतो, मिनिटाला ६० हून कमी नाही आणि १२० हून अधिक नाही. आणि प्रकाश वाहनाच्या पुढून व मागून स्पष्ट दिसावा, असे सांगतो. पुढून आणि मागून. या दोन शब्दांत आपला सगळा धागा आहे. त्या नियमाच्या कल्पनेतील वाहनाला तोंड आहे आणि पाठ आहे, कूस नाही. कडेला पिवळी परावर्तक पट्टी असते, ती उपयोगी आहे. पण पट्टी ‘मी येथे आहे’ एवढेच सांगते. ‘मी आता तुझ्याकडे येतो आहे’ हे सांगायला दिवा लागतो.

युरोपीय नियमांनी या कुशीची दखल पुढे घेतली. अवजड ट्रेलरच्या प्रत्येक बाजूस लांबीभर अंतराअंतराने अंबर दिवे असावेत आणि ते मागच्या इंडिकेटरबरोबर एकाच ठेक्यात लुकलुकावेत, अशी तरतूद तेथे आली. कडेने सायकल चालवणाऱ्याला मग तो कोठेही असला तरी निदान एक दिवा दिसतो.

तांत्रिकदृष्ट्या हे काम अवघड नाही. हॉर्स आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक सात पिनांची केबल असते. तिच्यातील एक पिन डाव्या इंडिकेटरची आणि एक उजव्याची. ट्रेलरवर त्या तारेला समांतर जोड देऊन चॅसीच्या तुळईवर दिवे बसवायचे. पूर्वी अडचण फ्लॅशरची होती. तार तापून-निवून चालणारा जुना फ्लॅशर ठरावीक भारासाठी बनवलेला असे. २१ वॅटचे आणखी दोन-तीन बल्ब जोडले की त्याची लय बिघडे. एलईडी दिव्याने हा प्रश्न बहुतांशी सोडवला, कारण तो वीज फार थोडी घेतो.

खरी अडचण मालकीची आहे. भिंत म्हणून जी दिसते ती पेटी जहाज कंपनीची. तिला दिवा लावता येत नाही, कारण उद्या ती रेल्वेवर असेल आणि महिन्याने दुसऱ्या देशात. सांगाडा वाहतूकदाराचा. हॉर्स कधी त्याचाच, कधी दुसऱ्याचा. आज या हॉर्सला हा ट्रेलर, उद्या तो. केबल मध्येच घासते, पिन गंजतात, खाडीचा खारा वारा आपले काम करतो. इंडिकेटर नीट चालतो आहे हे चालकाला आसनावरून कळावे, असे १०३ वा नियम म्हणतो; पण मागच्या सांगाड्यावरील एखादा दिवा विझला हे त्याला कळतेच असे नाही. आणि हा दिवा ज्याच्यासाठी आहे तो या तिघांपैकी कोणाचाच गिऱ्हाईक नाही. तो शेजारून जाणारा माणूस आहे. पुष्कळदा ज्या गावांच्या जमिनींवर हा रस्ता आणि त्या कडेची कंटेनर यार्डे उभी राहिली, त्याच गावांचा.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याचे उरणकडील टोक येथेच, चिर्ले-जासईच्या परिसरात उतरले. सेतूवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे ती खालच्या रस्त्यावर, ट्रेलरच्या शेजारी, पूर्वीसारखीच चालते.

सायंकाळी दास्तान फाट्याच्या बाजूला थोडा वेळ उभे राहिलात तर एक गोष्ट अवश्य पाहा. नव्या ट्रेलरांच्या कडेला अंबर दिव्यांची ओळ असते, काही जुन्यांवरही ती नंतर बसवलेली दिसते. पण ट्रेलर वळू लागला की त्या ओळीकडे लक्ष द्या. कित्येकांची तार इंडिकेटरला नव्हे, पार्किंग दिव्याला जोडलेली असते. मागचा दिवा लुकलुकत असतो आणि कडेची ओळ तशीच स्थिर जळत राहते.