पवई तलावाचा इतिहास : सांडपाणी, जलपर्णी आणि काठावरचे खेकडे

तलावाचा इतिहास लिहिताना तो कोणी व कशासाठी बांधला, एवढ्यावर आपली लेखणी बहुधा थांबते. त्या पाण्यात पुढे काय मिसळले आणि त्यात कोण जगले, हा भाग प्राणिशास्त्र विभागाचा मानला जातो. प्रस्तुत लेखात मुंबईच्या पवई तलावाच्या आधारे या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्यांच्या संवर्धनाची चर्चा युरोपात मुख्यतः क्रेफिशभोवती फिरते. १८६० च्या सुमारास उत्तर इटलीत सुरू झालेल्या साथीने तेथील देशी क्रेफिशचा मोठा संहार केला. ती तूट भरून काढण्यासाठी स्वीडनने १९६० पासून अमेरिकेतील सिग्नल क्रेफिश आणला. पण तोच त्या रोगाचा वाहक होता. भारतात देशी क्रेफिश नाही. कुजका पालापाचोळा व मृत जीव खाऊन तळ स्वच्छ ठेवण्याचे त्याचे काम आपल्याकडे खेकडे आणि गोड्या पाण्यातील कोळंबी करतात. दख्खनच्या खेकड्यांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी जमविलेल्या माहितीवरून वेस्टवूड यांनी १८३६ साली येथील एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. या नोंदीनंतर सुमारे अर्ध्या शतकाने पवई तलाव बांधला गेला.

मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला. पाणी तरीही अपुरे पडू लागल्याने पवईची योजना तातडीने हाती घेण्यात आली व १८९१ मध्ये तेथून पुरवठा सुरू झाला. परंतु पाण्याचा दर्जा हलका ठरला, आणि पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, तानसाचे पाणी शहरात आले. पवईचे पाणी पिण्यासाठी वापरणे अल्पावधीतच थांबले. पवईच्या पुढील दुर्दशेचे मूळ, माझ्या मते, येथेच आहे. ज्या पाण्याला नळ जोडलेला असतो त्याच्या पाणलोटावर पालिकेची नजर असते. विहार व तुळशीचा परिसर त्यामुळेच राखला गेला. पवईवरून ती नजर उठली. १९५८ मध्ये काठी भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, आणि पुढील दशकांत कारखाने, वस्त्या व उत्तुंग इमारतींनी तलाव वेढला गेला. त्यांच्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद तलावात साचू लागले.

शेतात जे खत, तेच साचलेल्या पाण्यात विष ठरते. स्फुरद वाढला की शेवाळ व जलपर्णी माजते. जलपर्णीच्या गालिच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तिची मुळे व पाने तळाशी कुजतात आणि त्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू संपतो. कोळंबीला तेथून सुटका नाही. खेकडा मात्र हवेतही श्वास घेऊ शकतो. तो काठावर येतो व ओल्या मातीत बीळ करून राहतो. म्हणजे पाणी बिघडल्यावर त्याचा आधार काठ हाच असतो.

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. बंगालमध्ये ती इतकी पसरली की १९३६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पण कायद्याने वा यंत्राने काढलेली जलपर्णी, नाले चालू असतील तर, पुन्हा येतेच. उलट अमेरिकेतील सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात पडणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात अन्यत्र वळविण्यात आले, आणि काही वर्षांतच त्याचे पाणी नितळ झाले. पवईचा समावेश राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत २००१ मध्ये झाला. हवा खेळविणे व जैविक उपचार करणे हे उपाय योजले गेले. मात्र सांडपाणी येतच राहिले आणि जलपर्णीही परतली. रोग्याला औषध देत असतानाच विषही चालू ठेवावे, असा हा प्रकार होय.

त्यानंतर प्रश्न काठाचा आला. मुंबई महानगरपालिकेने तलावाच्या कडेने सायकलमार्गाचे काम सुरू केले. त्यासाठी पात्राच्या कडेला दगडांची भर पडू लागली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरविले व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. वृत्तपत्रांतून मगरींची चर्चा पुष्कळ झाली. बिळे करून राहणाऱ्या प्राण्यांची फारशी झाली नाही, याचे आश्चर्य वाटायला नको. खेकड्याचे छायाचित्र कोण छापणार?

खानदेशच्या अभ्यासकाला पवई दूरची वाटेल. परंतु जळगावचा मेहरूण तलावही आता शहराच्या कवेत आला आहे. त्याच्या काठी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, गणेशविसर्जनही तेथे होते. अशा तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा समोर येईल तेव्हा दिवे व बाके किती, याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतील : कोणता नाला कोठे मिळतो, आणि दगडी बांधणीनंतर मातीचा काठ किती उरतो.