मरीच्या दिवसांतली उपासना

रॉयल गोल्ड वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि आमच्या मंडळीची रीत ठरली. प्रार्थना पुस्तकातून वाचायची नाही. पाळकाने किंवा घरातल्या वडीलधाऱ्याने डोळे मिटून सुचेल तशी करायची.

अँग्लिकन मंडळींचं वेगळं होतं. त्यांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात साथीच्या रोगासाठी स्वतंत्र प्रार्थना आहे. दावीद राजाच्या काळातली मरी तिच्यात येते. त्या मरीत सत्तर हजार माणसं गेली. रोग हा देवाचा कोप, दया आठवून तो आवर, अशी ती विनवणी. मला ती कधी जवळची वाटली नाही. तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला आधी अपराधी ठरवायचं, मग धीर द्यायचा, हे मनाला पटत नाही.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत दख्खनभर पसरला. गावं रिकामी करून लोक माळावर झोपड्या घालून राहिले. पण आमच्या घरात आठवण टिकली ती १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. आजी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती सांगायची, घरातली सगळीच आडवी, घागरभर पाणी आणायला माणूस नाही. शेजारची बाई तांदळाच्या पेजेचं पातेलं उंबऱ्यावर ठेवायची, पदर तोंडाशी धरून दारातूनच प्रार्थना म्हणायची आणि निघून जायची. प्रार्थना एवढीच : प्रभो, पेज पोचली, आता ह्यांना झोप लागू दे. त्यात कोप नव्हता, पापाचा हिशेब नव्हता. मला तरी सांत्वन ह्यालाच म्हणावंसं वाटतं.

अशा बायकांच्या तोंडी मराठी वळणाची भक्ती रुळवली ती ना. वा. टिळकांनी. ती साथ ओसरल्यावर काही महिन्यांतच, ९ मे १९१९ ला, ते मुंबईत वारले. त्यांची पदं आजही आमच्या ‘उपासना संगीता’त आहेत आणि आजारी माणसाच्या उशाशी म्हटली जातात.

मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला. मिशनच्या दवाखान्यांत दिवसाची सुरुवात उपासनेने होई. औषध आणि प्रार्थना यांत निवड करायची वेळ आमच्या लोकांवर आली नाही, हे मी त्यांचं मोठं देणं मानते.

२०२० मध्ये १२ एप्रिलला ईस्टर होता आणि चर्चला कुलूप. झावळ्यांचा रविवार, सात उद्गार, सगळं मोबाइलवर झालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात साथ कडाडली. माझ्या मावशीला मूठमाती द्यायला मोजकी माणसं होती. बाकी आम्ही फोन स्पीकरवर टाकून घरात उभे. पाळक नेहमीपेक्षा सावकाश बोलत होते. आवाज तुटला की तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. मास्कमधून, धापा टाकत केलेली ती प्रार्थना चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर जपली आहे.

मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची नोंदवही असते. प्रार्थनांची नसते, कारण त्या लिहायची रीतच नव्हती. आजीच्या शेजारणीचे शब्द केवळ आजीमुळे राहिले. तुमच्या फोनमध्ये त्या दोन वर्षांतली एखादी प्रार्थना असेल, तर ती कागदावर उतरवा, तारीख घाला आणि पाळकांकडे द्या. जुने फोन मोडीत जायच्या आत एवढं करा.