लढ्याची चूल : टॉलस्टॉय फार्म, १९१० ते १९१३



संप सुरू कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात; तो दुसऱ्या महिन्यात टिकवावा कसा हे सांगणारे थोडे. पहिल्या आठवड्यात सभा गाजतात. दुसऱ्या महिन्यात वाणी उधारी बंद करतो, आणि मग पुढाऱ्याला खरा प्रश्न कामगार विचारीत नाही, त्याची बायको विचारते : आज चुलीवर काय ठेवू? युनियनच्या कामात हा प्रश्न मी अनेकदा खाली मान घालून ऐकला आहे. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझे लक्ष आधी स्वयंपाकघराकडे जाते. आज ज्या वसाहतीची हकीकत सांगणार आहे, ती आपल्याकडे बहुधा आश्रम म्हणून सांगितली जाते. मला ती लढ्याची चूल वाटते.

दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल प्रांतात १९०७ साली हिंदी लोकांवर सक्तीच्या नोंदणीचा कायदा लादला गेला. बोटांचे ठसे द्यायचे, परवाना सतत जवळ बाळगायचा. गांधीजींच्या नेतृत्वाखाली लोकांनी तो मोडला आणि ते तुरुंगात गेले. सुटले की पुन्हा जात. १९१० उजाडले तरी शेवट दिसेना. तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना फंडातून दरमहा मदत मिळे. पण कोणाला किती? पाच तोंडांच्या घराला आणि सड्या माणसाला सारखेच देता येत नाही. आणि प्रत्येकाला गरज विचारून दिले, तर खरे सांगणारा मागे राहतो आणि चढवून सांगणाऱ्याचे फावते. हिंदुस्थानातून पैसा जात होता. रतन टाटांनी १९०९ साली २५,००० रुपये दिले होते. पण फंड कितीही मोठा असला तरी त्याला तळ असतो.

१९८२ च्या संपात मुंबईच्या गिरणी कामगारांची कितीतरी कुटुंबे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेली. तिथल्या भाताने आणि भाकरीने संपाला दम दिला. ट्रान्सवालमधल्या हिंदी माणसाला असे मागे गाव नव्हते. ते वसवावे लागले.

जागा दिली ती हर्मन कॅलनबाख या जर्मनीहून आलेल्या ज्यू वास्तुशिल्पज्ञाने. जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवर, लॉली स्टेशनाजवळ, ११०० एकर जमीन, त्यावर सुमारे हजार फळझाडे, दोन विहिरी आणि एक झरा. ३० मे १९१० पासून ही जमीन त्याने सत्याग्रहींना भाड्यावाचून वापरायला दिली. गुजराती, तमिळ, आंध्र, उत्तर हिंदुस्थानी. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सगळे तिथे आले. सुमारे चाळीस तरुण, दोन-तीन वृद्ध, पाच बायका आणि वीस-तीस मुले.

पत्र्याची घरे त्यांनी स्वतः उभी केली. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. नोकर ठेवायचा नाही हा पहिला नियम. पाणी पाचशे यार्डांवरून कावडीने आणायचे. गहू घरच्या लोखंडी जात्यावर दळायचा, त्याच कोंड्यासकट पिठाचा पाव भाजायचा. लोण्याऐवजी भुईमुगाचा लगदा आणि बागेतल्या संत्र्यांचा मुरंबा. स्वयंपाकघर एक आणि पंगत एक. आपले ताट ज्याने त्याने घासायचे, मोठी भांडी पाळीने. मैला खड्ड्यात पुरून वर माती लोटायची, त्याचे खत होई. गांधीजींच्या म्हणण्याप्रमाणे तिथे कुठे घाण दिसत नसे. कॅलनबाख ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला करायला शिकला. त्याच्याकडून गांधीजी शिकले आणि त्यांच्याकडून इतर. सार्वजनिक कामासाठी शहरात जाणाऱ्याने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने जावे, हौसेसाठी जाणाऱ्याने पायी, आणि शिदोरी घरून न्यावी. लोक रात्री दोनला उठून एकवीस मैल चालत जात.

मांसाहाराचा प्रश्न आला तेव्हा गांधीजींनी हुकूम काढला नाही. ज्यांच्या घरी मांस चालत होते, त्या बायकांशीही ते बोलले. मागितले असते तर ते देण्याची त्यांची तयारी होती. चूल एक राहावी आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्यांनी आपणहून सोडले. मुसलमान मुलांच्या रोज्यांत इतर मुलेही सामील झाली. एकी अशी पाण्याच्या कावडीत आणि भांड्यांच्या पाळीत तयार होते. ठरावाने ती फक्त कागदावर येते.

१९१२ च्या अखेरीस आपल्या पुण्याचे नामदार गोखले तिथे मुक्कामाला गेले. स्टेशनापासून चालत येताना पावसात भिजले, त्यांना सर्दी झाली. त्यांच्यासाठी मुद्दाम एक खाट उसनी आणली होती. बाकी सारे जमिनीवर निजतात हे कळताच त्यांनी ती काढायला लावली आणि आपले अंथरूण खाली घालून घेतले. पंगतीचा नियम पाहुण्यालाही उमगला होता.

पण फार्मला स्वर्ग म्हणणे खोटे ठरेल. मुलांनी दोन मुलींची चेष्टा केली, तेव्हा गांधीजींनी त्या मुलींचे केस स्वतःच्या हाताने कापले. पुन्हा कोणाची वाईट नजर पडू नये हा हेतू. अपराध मुलांचा आणि केस गेले मुलींचे! हे मला पटत नाही, आणि मोठ्या माणसाने केले म्हणून पटवून घेण्याचीही माझी तयारी नाही. भांडी पाळीने घासली जात होती, निर्णय मात्र पाळीने होत नव्हते.

१९१३ च्या आरंभी गांधीजी बहुतेक मंडळींसह नाताळमधल्या फिनिक्सला परतले आणि फार्म मोडला. मग कमावले काय? उत्तर त्याच वर्षी मिळाले. गिरमिटातून सुटलेल्या मजुरांवर नाताळमध्ये वर्षाला तीन पौंडांचा कर होता. त्याविरुद्ध लढा उभा राहिला तेव्हा गांधीजींनी पहिल्यांदा विचारले ते फार्मवर राहिलेल्या बायकांना. त्यांतल्या बहुतेक तमिळ. तुरुंगात जायला त्या तयार झाल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतल्या मजुरांच्या वस्तीत जाऊन संप पुकारायला लावला, आणि तीन महिन्यांची सजा घेतली. त्यांचे बोलणे मजुरांनी का ऐकले असेल? लढ्यात घर कसे चालते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

६ नोव्हेंबर १९१३ रोजी २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले सरहद्द ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरली. रोजचा शिधा माणशी दीड पौंड पाव आणि औंसभर साखर. पोलिसांनी अडवले नाही तर जायचे कुठे हेही ठरलेले होते : टॉलस्टॉय फार्म. ते पोहोचले नाहीत. चार दिवसांनी आगगाडीत कोंबून त्यांना परत नाताळला नेले. पण पुढल्याच वर्षी, १९१४ साली, तो कर रद्द झाला.

वसाहत उठून गेली होती, चूल विझली होती, तरी दोन हजार भुकेली माणसे तिच्याच दिशेने चालत होती. मित्रहो, संपाचा ठराव मांडायला उभे राहण्यापूर्वी आपण एकमेकांना इतकेच विचारावे : आपली माणसे चालू लागली, तर त्यांना नेऊन बसवायला आपल्याकडे पंगत आहे का?