पवई, गुरुवारची दुपार

सकाळ

30 ऑक्टोबर 2025. पवईच्या महावीर क्लासिक इमारतीतला आर. ए. स्टुडिओ. वेबसिरीजसाठी मुलं निवडायची म्हणून काही दिवसांपासून इथे ऑडिशन चालली होती. काही मुलं मुंबईबाहेरून आलेली, सोबत घरचं मोठं माणूस. आधीचे दिवस सुरळीत गेले होते, त्यामुळे त्या सकाळीही कुणाच्या मनात पाल चुकचुकली नाही.

मुलांच्या सुरक्षेचे नियम नाहीत असं नाही. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी सक्तीची केली. ते हवंच होतं. पण हे नियम शाळेच्या फाटकापाशी संपतात. बालकलाकारांसाठी 2017 पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको, दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस ठेवा. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. परवानगीचा कागद निघतो तो चित्रीकरणासाठी. नुसतं ऑडिशनला बोलावलं तर कोण, कुठे, कशासाठी बोलावतोय, हे विचारायला कुणी येत नाही. जागा भाड्याने घ्यायची आणि पालकांच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा, एवढं पुरतं.

जेवणाची वेळ

या वेळेला मुलं जेवायला बाहेर यायची. आज आली नाहीत.

अशा वेळी बाहेर थांबलेल्या पालकांना आधी थोडा राग येतो. पोळ्या गार होतायत, अजून किती वेळ? मग सारखं घड्याळाकडे लक्ष जायला लागतं. मग पाय आपोआप दाराकडे वळतात. दार बंद होतं. काचेआड मुलांचे चेहरे दिसत होते.

पावणेदोन

याच सुमारास पोलिसांना फोन गेला. आत 17 मुलं, एक ज्येष्ठ नागरिक आणि आणखी एक जण, असे 19 जण ओलीस होते.

ओलीस ठेवणाऱ्याने स्वतःच व्हिडिओ पसरवला. आपलं नाव रोहित आर्य असल्याचं त्याने सांगितलं. आत्महत्येऐवजी हा मार्ग निवडलाय, मोठ्या रकमेची मागणी नाही, काही लोकांशी बोलायचंय, असं तो शांतपणे सांगत होता. आणि त्याच आवाजात, चुकीचं पाऊल उचललंत तर इथे आग लावीन, अशी धमकीही होती.

त्याचं म्हणणं होतं की शालेय शिक्षण विभागाच्या स्वच्छता मॉनिटर उपक्रमाचे त्याचे सुमारे दोन कोटी रुपये थकलेत. त्यासाठी त्याने उपोषणंही केली होती. विभागाला हा दावा मान्य नव्हता. त्या विभागाचे माजी मंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं की त्यांनी स्वतःच्या खिशातून त्याला चेक दिला होता. खरंखोटं कागदांवरून ठरेल. पण शाळकरी मुलांच्या नावाने चाललेल्या उपक्रमाचा वाद शेवटी मुलांच्याच मानेवर आला, हे माझ्या मनातून जात नाही.

तीन ते चार

खाली पोलीस, शीघ्र प्रतिसाद पथक (क्यूआरटी), बॉम्बशोधक पथक, अग्निशमन दल. बोलणी चालू होती, तो ऐकत नव्हता.

24 मे 2022 ला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, उवाल्डीच्या शाळेत, पोलीस 77 मिनिटं बंदूकधाऱ्याला न भिडता थांबून राहिले आणि पालक बाहेर टाहो फोडत होते. 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पवईत थांबायचं की घुसायचं, हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उवाल्डी होती की नाही, मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांपुढे होती.

साडेचारच्या पुढेमागे

पोलीस बाथरूमच्या बाजूने आत शिरले. सहायक पोलीस निरीक्षक अमोल वाघमारे यांनी गोळी झाडली, ती आर्यच्या छातीत लागली. 19 च्या 19 जण बाहेर आले.

सव्वापाच

रुग्णालयात आर्यला मृत घोषित केलं.

मग पोलिसांनी सांगितलं की आत एअरगन आणि काही रसायनं सापडली. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, साध्या एअरगनसाठी माणूस मारला. दुसरा म्हणे, चौकशी कसली करता, सत्कार करा. मला दोन्ही पटत नाहीत. बंद खोलीत 17 मुलं असताना समोरच्या हातातली बंदूक कसली आहे, हे क्षणात कसं ओळखणार? आणि चौकशी तर झालीच पाहिजे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र या 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी ती बंधनकारक केली आहे, आपल्याच राज्याच्या खटल्यात.

एअरगन आपण सगळ्यांनी पाहिलीय. जुहू चौपाटीवर फळीला रंगीत फुगे टांगलेले असतात, आपण पोराच्या खांद्याला दस्ता लावून देतो, एक डोळा मिटायला शिकवतो. कंबरेत आवळलेला शिशाचा छर्रा, जाडी साडेचार मिलिमीटर. फुगा फुटतो, पोरगं टाळ्या वाजवतं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळी 0.177 इंचापर्यंत आणि ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल तर अशा बंदुकीला परवाना लागत नाही. लांबून मात्र ती हुबेहूब खऱ्या बंदुकीसारखी दिसते, आणि काचेआडून पाहणाऱ्या आईला तर ती खरीच असते.