परदेशातील भिक्खूचे औषध : इत्सिंग यांच्या वृत्तांतातील तीन प्रकरणे

फाहियान व ह्युएनत्संग ही नावे आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांच्या मानाने इत्सिंग (इ. स. ६३५ ते ७१३) उपेक्षित राहिले. याचे कारण त्यांच्या ग्रंथाच्या स्वरूपात आहे. राजे, नगरे, चमत्कार यांत त्यांना फारसे स्वारस्य नव्हते. ते विनयाचे अभ्यासक होते. भारतातील भिक्खू कसे जेवतात, दात कशाने घासतात, आजारी पडल्यास काय करतात, हे पाहून स्वदेशातील संघाचा आचार शुद्ध करावा, या हेतूने ते ६७१ साली समुद्रमार्गे निघाले. श्रीविजय येथे संस्कृत व्याकरण शिकून ते ६७३ मध्ये ताम्रलिप्तीस उतरले व पुढे सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिले. परतीच्या वाटेवर श्रीविजयातून ६९२ साली त्यांनी मायदेशी पाठविलेल्या वृत्तांतात चाळीस प्रकरणे आहेत. ताकाकुसू यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८९६ साली ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध केले. त्यातील सत्तावीस ते एकोणतीस ही तीन प्रकरणे रोग व औषध यांविषयी आहेत. आमच्या मते संपूर्ण ग्रंथात सर्वांत जिवंत भाग हाच होय.

इत्सिंग वैद्यकाविषयी लिहितात ते ऐकीव माहितीवर नव्हे. आपण वैद्यकाचा अभ्यास केला होता, परंतु तो भिक्खूचा मुख्य व्यवसाय नव्हे म्हणून सोडून दिला, असे ते सांगतात. आजाराचा अनुभवही त्यांना होता. ताम्रलिप्तीहून मगधाकडे जाताना ऋतुबदलाच्या तापाने ते इतके क्षीण झाले की, थोडे अंतर चालण्यासही त्यांना वारंवार थांबावे लागे. व्यापाऱ्यांचा तांडा व नालंदेचे भिक्खू पुढे निघून गेले. एकटे सापडलेल्या या परदेशस्थास डोंगरातील लुटारूंनी गाठले आणि अंगावरील वस्त्रेही काढून घेतली. गौरवर्णी मनुष्य सापडल्यास त्याचा देवतेला बळी देतात, असे त्यांच्या कानावर आले होते. म्हणून त्यांनी चिखलाच्या खड्ड्यात उतरून सर्वांगास चिखल फासला, पानांनी शरीर झाकले आणि रात्री उशिरा सोबत्यांचा मुक्काम गाठला. मायदेश सोडून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपणास मोठा आजार असा झालाच नाही, असेही हेच गृहस्थ लिहितात. वाटेवरचा ताप त्यांनी किरकोळात जमा केला असावा.

या वीस वर्षांतील त्यांचे औषध कोणते? तापावर 'खु-शन' या कडू मुळाचा गरम काढा, आणि चहा. हे 'खु-शन' म्हणजे प्रसिद्ध जिनसेंग नव्हे. नावातील 'शन' समान असला तरी वनस्पती वेगळी आहे. नालंदेत राहूनही या भिक्खूने आपल्या देशाचे औषध सोडले नाही. सुया टोचणे, डाग देणे व नाडी पाहणे यांत जंबुद्वीपातील कोणताही देश चीनची बरोबरी करू शकत नाही, असे ते निःसंकोचपणे म्हणतात. आपल्याकडील अभिमानी वाचकास हे वाक्य खटकेल. परंतु चरक व सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षा नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती बऱ्याच उशिरा, शार्ङ्गधरसंहितेत, स्पष्टपणे दिसते. सातव्या शतकातील इत्सिंग यांचे निरीक्षण त्या दृष्टीने योग्यच ठरते.

स्वदेशाचा अभिमान बाळगूनही त्यांनी येथून शिकण्यासारखे ते घेतले. हिरड्याची साल, सुंठ व साखर समभाग घेऊन पहिले दोन कुटावे, पाण्याच्या काही थेंबांनी साखरेत मळून गोळ्या कराव्यात व रोज सकाळी सुमारे दहा घ्याव्यात. अतिसार दोन-तीन मात्रांत थांबतो. साखर नसल्यास मध चालतो. आमच्या आजीच्या फडताळातील बटव्याहून हे फारसे निराळे नाही. लंघनाचे तर ते मोठे पुरस्कर्ते. लाट देशात रोगी पंधरवडा, प्रसंगी महिनाभरही अन्न घेत नाहीत. मध्यदेशात जास्तीत जास्त सात दिवस. दक्षिण समुद्रातील बेटांवर दोन-तीन दिवस, असे भेद ते नोंदवितात. हा उपचार दरिद्री व श्रीमंत दोघांनाही सारखाच करता येतो, हे त्यांचे म्हणणे आम्हांस विशेष वाटते.

रोगाचे कारण ते अतिभोजनात व अतिश्रमात शोधतात. येथे पालि वाङ्मयाचे स्मरण होते. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात तथागतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, आकस्मिक आघात व कर्मविपाक. सर्व दुःख पूर्वकर्मामुळेच होते हे मत त्यांनी तेथे नाकारले आहे. रोग्याकडे गतजन्मीचा अपराधी म्हणून न पाहता रोगी म्हणून पाहणे यातून शक्य झाले. याच देशात मनुस्मृतीने वैद्याचे अन्न पुवासमान ठरविले व त्यास श्राद्धातून वगळले. उलट नालंदेत चिकित्साविद्या पंचविद्यांपैकी एक म्हणून मान पावली.

तीन प्रकरणांतील शेवटचे वादाचे आहे. चीनमध्ये काही ठिकाणी डुकराची वा मांजराची विष्ठा मडक्यात साठवून 'ड्रॅगनचा काढा' या गोंडस नावाने रोग्यास देत. इत्सिंग संतापतात. कोणी विनयाचा आधार देऊ नये म्हणून ते 'पूतिमुक्तभैषज्य' या शब्दाची फोड करतात: पूति म्हणजे जुने, मुक्त म्हणजे टाकलेले. विनयाने परवानगी दिली ती वासराचे शेण व गोमूत्र यांनाच, असे ते बजावतात. पालि शब्द 'पूतिमुत्तभेसज्ज' असा आहे, आणि पालित 'मुत्त' म्हणजे मूत्रही व मुक्तही. अट्ठकथा मूत्र हा अर्थ घेते. आम्हांस मात्र चार निस्सयांची रचना पाहता इत्सिंग यांचा अर्थ विचारार्ह वाटतो. टाकलेल्या चिंध्यांचे चीवर, भिक्षेचे अन्न, झाडाखालचा निवारा. त्याच ओळीत, ज्यावर कोणी हक्क सांगत नाही असे औषध. गोमूत्राच्या ज्या पावित्र्याचा आज गाजावाजा होतो, त्याचा येथे लवलेशही नाही. महावग्गात पांडुरोगावर गोमूत्रातील हिरडा सांगितला आहे, तो केवळ औषध म्हणून.

त्याच महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात सर्पदंशावर विष्ठा, मूत्र, राख व माती ही चार 'महाविकट' द्रव्ये देण्यास अनुमती आहे. देणारा कोणी नसल्यास भिक्खूने स्वतः घ्यावीत, असेही म्हटले आहे. ही अनुमती विषबाधेच्या आणीबाणीपुरती आहे. इत्सिंग यांचा राग नित्याच्या वापरावर होता. ६९५ साली मायदेशी पोहोचल्यावर त्यांनी मूलसर्वास्तिवाद विनयाचे चिनी भाषांतर हाती घेतले. उरलेले आयुष्य त्यांचे बहुतांशी याच कामात गेले.